मोठी आई, नवस आणि ग्रॅहम ग्रीन

मे महिन्यात कुरड्या घालायच्या असतील तर नागपुरात पहाटेच उठावं लागतं. साडेआठनंतर गच्चीवर पाय टेकवत नाही. महाल भागातल्या आमच्या जुन्या घरी त्या सकाळी गव्हाचा चीक शिजवून झाला होता, धुतलेलं जुनं लुगडं बाजेवर पसरलं होतं आणि मोठी आई सोऱ्या दाबत एकामागून एक गोल उतरवत होती. मी मदतीला म्हणून गेले होते आणि जिन्याच्या तोंडाशी सावली बघून पुस्तक उघडून बसले होते. चिकाचा तो आंबूस कोमट वास, खाली गल्लीत कुणाच्या तरी स्कूटरच्या किका. "काय वाचून राहिली गं एवढं?" तिनं मान वर न करता विचारलं. मी सांगितलं. लंडनची गोष्ट आहे, लढाईच्या काळातली. सारा नावाची बाई, लग्न झालेली, तिचं एका लेखकावर प्रेम. एकदा दोघं एकत्र असताना बाँब पडतो, तो पडलेल्या दाराखाली सापडतो. तिला वाटतं, गेला. ती गुडघे टेकून देवाला म्हणते, याला जिवंत कर, मी याला सोडून देईन. जरा वेळानं तो उठून खोलीत येतो. आणि ती त्याला खरंच सोडते, कारण न सांगता. मोठ्या आईनं एक गोल पुरा केला. "मग? नवस बोलली, फेडला." मी म्हटलं, अगं पण तिचा जीव होता त्याच्यावर. तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "जीव होता म्हणूनच तर बोलली ना बाप्पा. नावडती वस्तू कोणी नवसात देते काय?"

हे वाक्य मला पुढे कितीतरी दिवस पुरलं. ग्रॅहम ग्रीन या इंग्रज कादंबरीकाराच्या 'द एंड ऑफ द अफेअर'ची ती प्रत मी सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतली होती, पॉल होगार्थच्या चित्राचं मुखपृष्ठ असलेली पेंग्विन, पानं पिवळी, कडेला वाळवीनं कुरतडलेली. कादंबरी सुरू होते 1946च्या जानेवारीत, धो धो पावसात. मी ती वाचत होते पंचेचाळीस अंशांवर, पडदे ओढलेल्या खोलीत, कूलरच्या घरघरीत आणि ओल्या वाळ्याच्या वासात, आणि तरी तो पाऊस अंगावर येत होता. ग्रीनबद्दल आधी बरंच वाचलेलं होतं. कॅथलिक कादंबरीकार, पाप आणि कृपा, मत्सरी देव, वगैरे. त्या सगळ्या भारदस्त चर्चेत कुणी इतकी साधी गोष्ट बोललेलं मला आठवेना, की देवाला द्यायला हातात काहीतरी प्रिय असावं लागतं. वासना नसेल तर श्रद्धेनं द्यायचं काय?

मग मी ग्रीन पुन्हा वाचायला घेतला, जमेल तसा, क्रम न पाळता.

ग्रीनचा धर्म मुळात एका मुलीमुळे आला, हे त्यानं कधी लपवलं नाही. ऑक्सफर्डला असताना त्याच्या एका लेखात कॅथलिक लोक मेरीची 'पूजा' करतात असं काहीसं आलं, तर व्हिव्हियन नावाच्या कॅथलिक मुलीनं पत्र लिहून त्याची चूक दाखवली. तो प्रेमात पडला. नॉटिंगहॅमच्या वर्तमानपत्रात उमेदवारी करत असताना, जिच्याशी लग्न करायचं ती मानते तरी काय हे बघावं म्हणून तो फादर ट्रोलप या धर्मगुरूकडे जायला लागला. हे फादर पूर्वी लंडनच्या रंगभूमीवर नट होते. दोघं ट्रॅमच्या वरच्या मजल्यावर बसून देव आहे की नाही यावर वाद घालायचे. 1926च्या फेब्रुवारीत त्यानं बाप्तिस्मा घेतला आणि नाव निवडलं थॉमस, तेही तत्त्वज्ञ थॉमस अक्विनासचं नव्हे, जखमेत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणाऱ्या शंकेखोर थॉमसचं. त्या दिवशी आनंद वगैरे झाला नाही, एक उदास धास्ती वाटली, असं त्यानंच पुढे आत्मचरित्रात लिहिलं. वय एकवीस.

हे मी एका मैत्रिणीला सांगत होते. आम्ही दीक्षाभूमीच्या समोरच्या रस्त्यानं चालत होतो. तिचे आजोबा 14 ऑक्टोबर 1956ला तिथे होते, पांढऱ्या कपड्यांत, लाखोंमधले एक, त्या बावीस प्रतिज्ञा मोठ्यानं म्हणणारे. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे या माणसाला धर्म बदलून अपराधीपणा मिळाला? आमच्या आजोबांना तर सुटका मिळाली." मी गप्प बसले. या शहरात राहून धर्मांतराची गोष्ट वाचायची म्हणजे ही अडचण आहेच. इथलं धर्मांतर दिवसाढवळ्या झालं, विचारांती झालं, येवल्याच्या घोषणेनंतर एकवीस वर्षं वाट पाहून झालं. त्याच्या शेजारी ग्रीनचं ते ट्रॅमवरचं, प्रेयसीपायी झालेलं धर्मांतर फार खाजगी, जरा चैनीचंसुद्धा वाटतं. पण कादंबरीला कधी कधी असली चैन लागते. एक माणूस, एक पलंग, एक कबुलीची खिडकी, एवढ्यातच ग्रीनला आपलं सगळं सापडलं.

सापडायला वेळ मात्र लागला. पहिली कादंबरी 1929ची, पण तिच्यात आणि लगेच पुढच्यांत धर्म नावापुरताच आहे. 1938च्या 'ब्रायटन रॉक'मध्ये पहिल्यांदा नरक खरा असलेला पोरगा येतो, सतरा वर्षांचा गुंड पिंकी, ज्याला खुनापेक्षा शरीरसंबंधाची किळस जास्त आहे. त्याच वर्षी ग्रीन मेक्सिकोला गेला. तबास्को राज्यात चर्चं पाडली गेली होती, पाद्री एकतर पळाले होते नाहीतर जबरदस्तीनं लग्नं लावून घरी बसवले होते. त्यातून 1940 साली 'द पॉवर अँड द ग्लोरी' आली, मला विचाराल तर त्याची सगळ्यात मोठी कादंबरी. तिच्यातला पाद्री दारुडा आहे, भित्रा आहे, आणि त्याला एक मुलगी आहे. कबुली द्यायची तर पापाचा पश्चात्ताप हवा. पण त्या पापातून ही पोर झाली, आणि जगात त्याचा जीव कशावर असेल तर तो त्या धुरकट, खोडसाळ पोरीवर. पश्चात्ताप करायचा म्हणजे ती झालीच नसती तर बरं असं म्हणायचं. ते त्याच्यानं म्हणवत नाही. हे पान वाचताना मी पुस्तक मिटून पाणी प्यायला उठले होते.

आमच्याकडे श्राद्धाला एक भटजी यायचे, त्यांच्या गालात कायम तंबाखू-सुपारीचा खर्रा. संकल्प सांगताना मध्येच उठून मोरीकडे जायचे. माझ्या काकांना फार राग यायचा. मोठी आई म्हणायची, "खर्रा त्यानं खाल्ला, मंत्रांनी नाही." रोमन चर्चला हाच मुद्दा ठरवायला कितीतरी शतकं वाद घालावे लागले. पाद्री कसाही असो, त्याच्या हातून मिळणारा प्रसाद खोटा होत नाही, हा तो सिद्धान्त, आणि ग्रीनचा दारुडा पाद्री त्याच एका धाग्यावर गावोगाव फिरतो. तरी या पुस्तकावर व्हॅटिकनची खप्पामर्जी झालीच. लंडनच्या कार्डिनलनं ग्रीनला बोलावून निषेधाचं पत्र वाचून दाखवलं, पुस्तकात बदल करा म्हणून. ग्रीननं साळसूदपणे कळवलं की हक्क प्रकाशकांकडे आहेत, मी काय करणार. पुढे 1965 साली पोप सहावे पॉल त्याला भेटले, तेव्हा त्यांनी ती कादंबरी वाचलेली होती. तुमच्या पुस्तकांतलं काही ना काही काही कॅथलिकांना खटकणारच, तिकडे लक्ष देऊ नका, असं ते म्हणाले. मोठी आई पोप झाली असती तर प्रकरण इतकं लांबलंच नसतं.

मधल्या 'द हार्ट ऑफ द मॅटर'बद्दल (1948) माझं मत फारसं चांगलं नाही. पश्चिम आफ्रिकेतला पोलीस अधिकारी स्कोबी, बायकोची दया, प्रेयसीची दया, शेवटी देवाचीही दया येऊन आत्महत्या करणारा. पुस्तक तुफान खपलं, ग्रीनला खरी कीर्ती त्यानं दिली. जॉर्ज ऑर्वेलनं मात्र परीक्षणात टोला हाणला, की ग्रीनच्या जगात नरक म्हणजे एक उच्चभ्रू नाइट क्लब आहे आणि प्रवेश फक्त कॅथलिकांना. खुद्द ग्रीनलाही ही कादंबरी नंतर नकोशी झाली. मला खटकते ती स्कोबीची बायको लुईझ. ती नेमानं चर्चला जाते, पण तिची श्रद्धा कादंबरीभर कुरकुरी, पोपटपंची वाटेल अशीच दाखवली आहे. पाप करणाऱ्या पुरुषाची श्रद्धा खोल, नियम पाळणाऱ्या बायकोची उथळ. हा मुद्दा मी बाजूला ठेवते, पण तो पुन्हा येणार आहे.

ग्रीनच्या घरावर बाँब पडला होता, खराखुरा. क्लॅपहॅम कॉमनवरचं त्याचं देखणं घर 1940च्या ऑक्टोबरात उद्ध्वस्त झालं. बायको-मुलं गावी सुरक्षित होती. आणि ग्रीन त्या रात्री तिथे नव्हता, कारण तो दुसऱ्या एका बाईकडे होता. म्हणजे व्यभिचारानं त्याचा जीव वाचवला. अकरा वर्षांनी कादंबरीत त्यानं हे सगळं उलटं करून मांडलं: बाँब पडतो तो प्रेमिकांवर, आणि जीव वाचतो तो प्रेम सोडण्याच्या वचनानं. तोवर त्याच्या आयुष्यात कॅथरीन वॉल्स्टन आलेली होती. श्रीमंत जमीनदार नवऱ्याची अमेरिकन बायको. ग्रीनच्या कादंबऱ्या वाचून तिला कॅथलिक व्हावंसं वाटलं आणि 1946 साली तिनं धर्मपिता म्हणून त्यालाच गळ घातली. आपल्या धर्मकन्येच्याच प्रेमात पडायचं, हे ग्रीनलाच सुचणार. ब्रिटिश आवृत्तीत अर्पणपत्रिका 'सी.'ला आहे, अमेरिकन आवृत्तीत सरळ 'कॅथरीनला'.

कादंबरीतला बेंड्रिक्स, तो सोडलेला प्रियकर, जवळजवळ दोन वर्षांनी तिच्या नव्या याराचा शोध घ्यायला लागतो. पार्किस नावाचा एक बापुडा खाजगी हेर लावतो, डायरी चोरवतो, आणि कळतं की तो तिसरा माणूस म्हणजे देव. मग तो देवाचा द्वेष करायला लागतो, अगदी वैऱ्याचा करावा तसा, आणि ज्याच्या अस्तित्वावर विश्वास नाही त्याचा इतका द्वेष करणं किती अवघड आहे हे हळूहळू त्याच्या ध्यानात येतं. इथे मराठी वाचक जरा थबकतो. आपल्याकडे देव हाच प्रियकर असण्याची सवय आहे. ज्ञानेश्वरांच्या विराण्या आपण लता मंगेशकरांच्या आवाजात सकाळी रेडिओवर ऐकत डबे भरले. त्यात चंदन अंगाला पोळतं, फुलांची सेज आगीसारखी भाजते, आणि ते सगळं कृष्णासाठी आहे म्हणून कुणाला ओशाळल्यासारखं होत नाही. देव आणि वासना यांची आपण एकाच पाटावर बसवून पंगत घातली. ग्रीनच्या इंग्लंडात मात्र ते सवतीसारखे नांदतात, आणि त्या भांडणात जी धग आहे ती विराणीत नाही, हेही मी कबूल करते. विराणीत कुणाचा नवरा रात्री जेवायचा थांबलेला नसतो.

शेवटी मात्र ग्रीन घसरला. सारा मेल्यावर तो चमत्कार घडवायला लागतो: पार्किसच्या मुलाचं पोट दुखायचं थांबतं, एका नास्तिक वक्त्याच्या गालावरचा जन्मखुणेचा डाग जातो. त्यालाही हे खटकलं असणार, कारण पुढच्या आवृत्तीत त्यानं तो डाग बदलून साधा त्वचारोग केला, जो आपोआपही बरा होऊ शकतो. देवाला संशयाचा फायदा दिला.

मोठी आई संत्री खात नाही. नागपुरात राहून. आम्ही लहान असताना मोठे काका करंडी आणायचे, ती सगळ्यांना सोलून द्यायची, फोडीवरचे पांढरे धागेसुद्धा काढून. तिच्या बोटांना दिवसभर सालीचा वास असायचा. स्वतः एक फोड तोंडात टाकायची नाही. आवडत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. त्या कुरड्यांच्या सकाळी मला पहिल्यांदा शंका आली. मी विचारलं, तू काही बोलली होतीस का कधी? टेकडीच्या गणपतीला? ती म्हणाली, "झाकण दे ते इकडे, माश्या बसून राहिल्या." कुणासाठी, केव्हा, काय मागून, हे मला आजही माहीत नाही. साराही बेंड्रिक्सला सांगत नाही. ग्रीननं ते हेरांकरवी बाहेर काढवलं, कादंबरीकारच तो.

स्वतः ग्रीननं मात्र काही सोडलं नाही. सारा जे करते ते तो आणि कॅथरीन करू शकले नाहीत, पुस्तक छापून झाल्यावरही वर्षानुवर्षं ते प्रकरण चालू राहिलं. मला वाटतं, त्याची उतरती त्यातूनच सुरू झाली. 1959च्या सुरुवातीला तो बेल्जियन काँगोतल्या योंडाच्या कुष्ठधामात जाऊन राहिला आणि 1961च्या सुमारास 'अ बर्न्ट-आउट केस' आली. ज्या रुग्णात रोग जळून संपला, आता संसर्ग नाही, वेदना नाही, पण बोटंही उरली नाहीत, त्याला तिथे हे नाव होतं. कादंबरीचा नायक क्वेरी हा जगप्रसिद्ध चर्चं बांधणारा स्थापत्यकार तसाच आहे. बाईची इच्छा संपली, कामाची संपली, आणि त्यांच्याबरोबर देवही संपला. तिन्ही एकदम. ग्रीनचा मित्र, कॅथलिक कादंबरीकार इव्हलिन वॉ हे वाचून हादरला, हा माणूस आता आपल्यातला राहिला नाही असं त्याला वाटलं.

मी हे पुस्तक वाचलं तेव्हा डोळ्यांसमोर आनंदवन होतं. शाळेच्या सहलीला वरोऱ्याला गेलो होतो. बोटं नसलेल्या हातांनी माग चालवणारा एक माणूस आठवतो, धोटा इतक्या सफाईनं टाकायचा की आम्ही पोरी त्याच्या हातांकडे बघायचंच विसरलो आणि कापडाकडे बघायला लागलो. त्याला आमच्याकडे बघून कंटाळा आला होता, तेही आठवतं. ग्रीनच्या कादंबरीतला डॉक्टर कॉलिन नास्तिक आहे आणि एकटा तोच क्वेरीला न कंटाळता कामाला लावतो, रुग्णालयाचे नकाशे काढायला. अंगात काही उरलं नसलं तरी हात चालवता येतात, हे त्याला ठाऊक आहे. क्वेरी जवळजवळ बरा होतो. मग एका खोट्या व्यभिचाराच्या संशयावरून गोळी खाऊन मरतो. जन्मभर केलेल्या खऱ्या पापांसाठी काही नाही, आणि न केलेल्यासाठी मरण. असल्या विनोदात ग्रीनला तोड नाही.

नंतर तो स्वतःला कॅथलिक अज्ञेयवादी म्हणवायला लागला. प्रसाद घेणं बंद केलं होतं, चर्चमधल्या मासला, म्हणजे उपासनेला, मात्र जायचा. वर्षातून एकदा स्पेनमध्ये फादर लिओपोल्दो दुरान या मित्राबरोबर गाडीतून भटकायचं, वाइन प्यायची, वाद घालायचे. त्यातून 1982 साली 'मॉन्सिन्योर किहोते' आली. एक भोळा पाद्री आणि एक कम्युनिस्ट माजी महापौर, खटारा सीआट गाडी. लोक याला किरकोळ धरतात. मला ती फार लागली, तिच्यातल्या एका प्रार्थनेसाठी. या म्हाताऱ्या पाद्र्याला बाईचा मोह असा कधी झालेलाच नाही. त्यामुळे आपण संयम पाळला याला काही अर्थच नाही, हे त्याला टोचतं. मोहच होत नाही तर मोहापासून वाचव असं कोणत्या तोंडानं म्हणू, असं विचारत तो देवाकडे मागतो तो मोहच. मला माणूस कर, म्हणतो. वयाच्या 78व्या वर्षी, सगळी प्रकरणं करून झालेल्या लेखकानं हे लिहावं! माझ्या डोक्यात लगेच महालातली गच्ची उभी राहिली. नावडती वस्तू कोणी नवसात देते काय. बिचाऱ्या किहोतेकडे आवडती अशी वस्तूच नव्हती.

आता राहिला तो बाजूला ठेवलेला मुद्दा. व्हिव्हियन. जिच्या एका पत्रामुळे हा सगळा कॅथलिक ग्रीन घडला, ती. 1947-48मध्ये तो घर सोडून गेला. ती कॅथलिक, म्हणून घटस्फोट दिला नाही. ती बाहुलीघरं जमवायला लागली, जुनी, शतकापूर्वीची, त्यांवर पुस्तकं लिहिली, ऑक्सफर्डला संग्रहालय काढलं आणि त्या विषयातली जगातली जाणकार झाली. ग्रीन 1991ला गेला, ती 2003पर्यंत जगली. इतक्या कादंबऱ्यांत ग्रीननं तिच्यासारख्या बाईची श्रद्धा आतून एकदाही लिहिली नाही. लिहिली ती लुईझ. व्यभिचारी माणसाचा देव त्याला दिसला, दारुड्याचा दिसला, खुनी पोराचाही दिसला. दिलेला शब्द पाळत घरी बसलेल्या बाईचा देव कसा असतो हे त्याला कुतूहलाचं वाटलं नाही, किंवा बघवलं नाही.

आपल्याकडेही एका लेखकानं असाच धर्म बदलला होता. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेनं निघाले होते, डब्यात एका युरोपियन माणसाशी गाठ पडली, त्यानं बायबल दिलं. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, बायकोला न सांगता. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलं, त्या काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पण आपल्याला टिळकांचं धर्मांतर आज कुणाच्या तोंडून माहीत आहे? 'स्मृतिचित्रे' मोठ्या आईच्या फडताळात आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. नवऱ्याचा देव, नवऱ्याची लहर, नवऱ्याचा उदारपणा आणि त्यापायी झालेली घराची परवड, सगळं लक्ष्मीबाईंनी हसत हसत उघडं केलं, आणि पुढे आपल्या मनानं, आपल्या वेळेला, स्वतःचा निर्णय घेतला. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं होतं, तेही त्यांनीच पुरं केलं. ग्रीनवर जाड जाड चरित्रं निघाली आहेत, एकाचे तर तीन खंड आहेत. ती सगळी माझ्याकडून घ्या आणि व्हिव्हियननं लिहिलेली दोनशे पानं मला द्या. बाहुलीघरांवरची नकोत.